बोधचिन्हाची स्पर्धा नको, बोधचिन्हाचा तास हवा



'बोधचिन्ह तयार करा' अशी स्पर्धा आली की वर्गात काय काय येतं ते आपल्याला पाठ आहे. उघडं पुस्तक. पुस्तकावर पेन. पेनाच्या टोकातून निघणारी ज्योत. मागे उगवता सूर्य, खाली दोन हात, हातांच्या बाजूला कमळाच्या पाकळ्या आणि वरून अर्धगोलात लिहिलेलं नाव. एखादं हुशार मूल पृथ्वीचा गोलही घालतं. मग आपण त्यातलं सर्वांत भरगच्च, सर्वांत नीट रंगवलेलं चित्र निवडतो, त्याला पहिला नंबर देतो आणि बाकीची एकोणचाळीस चित्रं कपाटावरच्या गठ्ठ्यात जातात.

माझं मत असं आहे की यात मुलं बोधचिन्हाबद्दल काहीच शिकत नाहीत. ती एवढंच शिकतात की जास्त वस्तू काढल्या की नंबर येतो. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त खुपते: नंबर आलेल्या मुलाचं चित्र नंतर बॅनरवर, पत्रिकेवर, व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरतं, पण त्याचं नाव कुठेच नसतं. या दोन्ही गोष्टींवर उपाय शोधताना मला सगळ्यात कामाची उदाहरणं कुठे मिळाली असतील, तर ती मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात. म्हणून आजचा लेख जरा लांब आहे. सवडीनं वाचा.

आधी आपल्या भागाबद्दल. भोसरीहून मोशी, कुरुळी, आळंदी फाटा करत चाकणला गेलात तर दोन्ही बाजूंना जितकी बोधचिन्हं दिसतात तितकी महाराष्ट्रात फार थोड्या रस्त्यांवर दिसत असतील. गेटवर, बसवर, शर्टाच्या खिशावर, हेल्मेटवर, कंटेनरवर, दुपारच्या डब्याच्या पिशवीवर. आमच्या शाळेतलं पहिलीचं मूल 'ट' वाचायला शिकण्याआधी टाटाची गाडी ओळखतं आणि 'म' गिरवण्याआधी मर्सिडीजचा तारा. म्हणजे चिन्ह वाचायला मुलं आधी शिकतात, अक्षर नंतर. लातूर, बीड, नांदेडहून आलेली असोत की बिहार-ओडिशाहून, चिन्हांची ही भाषा सगळ्यांना सारखीच येते. ज्या वर्गात चार-पाच मातृभाषा आहेत तिथे ही केवढी सोय आहे बघा.

पण या कंपन्यांची चिन्हं घडली कशी, हे मुलांना दिसत नाही. ती कुठल्यातरी बंद खोलीत ठरतात आणि थेट गेटवर येऊन बसतात. मुक्त सॉफ्टवेअरचं तसं नाही. तिथे वाद, खोडणं, दुरुस्त्या, रुसवेफुगवे सगळं उघड्यावर चालतं आणि लिहून ठेवलेलं असतं. शिकवायला ते बरं.

मुक्त सॉफ्टवेअर, ज्याला ओपन सोर्स म्हणतात, म्हणजे काय हे चौथीच्या मुलांना सांगायला दोन मिनिटं लागतात. दुकानातला लाडू आपण खाऊ शकतो, पण तो कसा केला ते दुकानदार सांगत नाही. आजी लाडू देते, शिवाय कृतीही सांगते. वर म्हणते, तुला गूळ कमी वाटला तर वाढव, आणि तुझ्या मैत्रिणीला पण सांग. आजीचं ते मुक्त सॉफ्टवेअर. तुमच्या-माझ्या हातातला अँड्रॉइड फोन ज्या गाभ्यावर चालतो तो लिनक्स अशाच पद्धतीनं, हजारो लोकांनी मिळून केलेला आहे.

आता लिनक्सचा पेंग्विन. १९९६ साली लिनक्सला चिन्ह हवं अशी चर्चा सुरू झाली. कोणी गरुड म्हणालं, कोणी कोल्हा. लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स यांना पेंग्विन आवडायचे (ऑस्ट्रेलियातल्या एका प्राणिसंग्रहालयात एका छोट्याशा पेंग्विननं त्यांना चोच मारली होती, हे ते स्वतः मजेनं सांगतात). त्यांना उग्र, लढाऊ पेंग्विन नको होता. पोटभर जेवून समाधानानं बसलेला हवा होता. टेक्सासमधल्या लॅरी इविंग या विद्यार्थ्यानं तो काढला, आणि काढला तोही गिम्प या मुक्त सॉफ्टवेअरवरच. म्हणजे आपल्याच चुलीवर रांधलेला नैवेद्य! चित्र आल्यावर इतरांनी सुधारणा सुचवल्या, त्यानं त्या केल्या.

गंमत पुढे आहे. लिनक्सच्या चिन्हासाठी स्पर्धाही झाल्या, आणि हा पेंग्विन त्यातली एकही जिंकला नाही. तरी आज जगाला लिनक्स म्हटलं की तोच आठवतो, 'टक्स'. स्पर्धेत जिंकलेली चित्रं कुणाला आठवत नाहीत. मी याचा अर्थ असा घेते की परीक्षकांनी दिलेला नंबर आणि लोकांच्या मनातली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅरी इविंगनं चित्र देताना अट काय घातली? हवं तिथे वापरा, हवा तसा बदल करा, फक्त कोणी विचारलं तर माझं आणि गिम्पचं नाव सांगा. बस. एका ओळीत मावणारी अट. आपल्या स्पर्धांची नियमावली दोन पानांची असते आणि त्यात मुलाचं नाव सांगण्याबद्दल एक अक्षर नसतं.

अँड्रॉइडचा हिरवा रोबो मुलांना पेंग्विनपेक्षा जवळचा. तो इरिना ब्लॉक या डिझायनरनं २००७ च्या सुमारास काढला. प्रसाधनगृहाच्या दारावर बाई-माणसाची साधी आकृती असते ना, तिच्यावरून तो सुचल्याचं तिनं सांगितलं आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पाच मिनिटं हसण्यात गेली, पण नंतर कुणालाच 'साधी आकृती म्हणजे काय' हे समजावावं लागलं नाही. दारावरची ती आकृती कुठल्याही भाषेचा माणूस घाईत असताना वाचू शकतो. त्या रोबोचा परवानाही उदार आहे: श्रेय द्या, बदला, वापरा. म्हणून तर तो कधी टोपी घालून दिसतो, कधी क्रिकेट खेळताना.

मराठी शिकवणाऱ्यांसाठी खास उदाहरण मात्र विकिपीडियाचं. कोड्याच्या तुकड्यांचा तो करडा गोल तुम्ही पाहिला असेल, प्रत्येक तुकड्यावर एकेका लिपीतलं अक्षर. २००३ साली वाचक-लेखकांमध्ये स्पर्धा घेऊन तो ठरला. मूळ कल्पना पॉल स्टॅन्सिफर या तरुणाची, पुढचं रेखीव रूप डेव्हिड फ्रीडलंड यांचं. मराठी विकिपीडियाही त्याच वर्षी, १ मे २००३ ला, सुरू झाला. त्या गोलावर आपल्या देवनागरीलाही जागा मिळाली, 'विकिपीडिया'तला 'वि'. पण तो 'वि' चुकला होता! पहिल्या वेलांटीची जागाच बिघडलेली. आपण पहिली-दुसरीच्या मुलांना रोज सांगतो ना, उच्चारात 'इ' नंतर येते पण लिहिताना वेलांटी आधी काढायची, तीच अडचण. त्या काळी बऱ्याच संगणकांना देवनागरी नीट जोडता यायची नाही, त्यामुळे व आणि वेलांटी वेगवेगळी पडायची. जपानी अक्षरातही अशीच चूक राहिली होती. जगातल्या सर्वांत मोठ्या ज्ञानकोशाच्या कपाळावर शुद्धलेखनाची चूक! २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्यावर बातमी केली. शेवटी २०१० मध्ये चिन्ह नव्यानं तयार झालं तेव्हा 'वि' दुरुस्त झाला.

सात वर्षं चूक राहिली हे वाईट, पण ती दाखवून देणारे सामान्य वाचक होते आणि शेवटी चिन्ह बदललं, हे मला मोठं वाटतं. शाळेच्या गणवेशावरच्या बॅजमध्ये चूक असेल तर आपण काय करतो? 'आता छापलंय, राहू दे.' किती शाळांच्या फलकांवर 'विद्यालय'ची वेलांटी दुसरी आहे हे एकदा मोशी ते निगडी जाताना मोजा.

जाता जाता देवनागरीबद्दल एक. कोल्हापूरला १९३६ मध्ये जन्मलेले र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फाँट वापरत आलो तो त्यांचा. त्यांच्या नावावरूनच 'रघू' हा मुक्त परवान्याचा फाँटही आला. अलीकडे मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले 'मुक्त', 'बालू', 'मोदक' हे फाँटही मुक्त परवान्याचे आहेत, कोणीही फुकट उतरवून वापरू शकतं. शाळेच्या चिन्हात अक्षर घालायचं असेल तर इंटरनेटवरून कुठलाही चोरटा फाँट घेण्यापेक्षा हे घ्या. 'मोदक'ची जाडजूड अक्षरं तर मुलांना फारच आवडतात.

इथे पालकांपैकी कोणी विचारेल, नेहमी विचारतातच: 'मॅडम, सगळं मुक्त आहे म्हणता, मग चिन्ह कोणीही कुठेही लावायचं का?' नाही. आणि हे आपल्या भागातल्या पालकांना जितकं पटकन समजतं तितकं कुणाला समजत नसेल. डुप्लिकेट पार्ट. बेअरिंग असो की ब्रेकपॅड, डब्यावर नामांकित कंपनीचं चिन्ह आणि आत भलतंच. चिन्ह म्हणजे शब्द दिलेला असतो की हा माल आमच्या तपासणीतून गेला आहे. आयएसआयचा शिक्का कोणीही मारू लागला तर त्या शिक्क्याला किंमत काय?

त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचीही इथे ओढाताण होते. फायरफॉक्स हा ब्राउझर मुक्त, त्याची कृती खुली, पण नाव आणि कोल्ह्याचं चिन्ह राखीव. डेबियन नावाचा लिनक्सचा प्रकार आहे, त्याचे लोक फायरफॉक्समध्ये स्वतःच्या दुरुस्त्या करून वाटायचे. मोझिलाचं म्हणणं, आमच्या मंजुरीशिवाय बदल केलेत तर आमचं नाव लावू नका. डेबियनचं म्हणणं, जे चिन्ह मोकळेपणानं बदलता-वाटता येत नाही ते आम्ही ठेवणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर! २००६ मध्ये डेबियननं त्याला 'आइसवीझल' असं दुसरं नाव दिलं. आगीचा कोल्हा तर बर्फाचा वीझल, टोमणा अगदी आपल्या गावाकडचा. २०१६ मध्ये समेट होऊन फायरफॉक्स परत आला. डेबियननं स्वतःसाठी मात्र शहाणपणा केला. त्यांची लाल भोवऱ्यासारखी वेटोळी आहे ना, ती कोणीही वापरावी अशी मोकळी ठेवली, आणि एक वेगळं चिन्ह फक्त अधिकृत कामासाठी राखलं. घराची ओसरी सगळ्यांना, देवघर घरच्यांना, तसं. शाळांनीही असंच करायला हरकत नाही. मुलांनी खेळायला एक चिन्ह, दाखल्यावर शिक्क्यासाठी एक.

आता वर्गातलं.

आमच्या एका सहकारी शिक्षकांनी स्क्रॅचवर पाढ्यांचा एक छोटा खेळ केला आहे. स्क्रॅचच्या साइटवर टाकलेला प्रत्येक खेळ मुक्त परवान्यावर असतो. 'आत पाहा' दाबलं की कृती दिसते, 'रिमिक्स' दाबलं की आपली प्रत घेऊन बदल करता येतो आणि मूळ करणाऱ्याचं नाव खाली आपोआप राहतं. (ही आपोआप नाव राहण्याची सोय आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या स्वाध्यायांना असती तर किती बरं झालं असतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी शिक्षिकांनी रात्री जागून केलेल्या पीडीएफ दुसऱ्यांच्या नावानं परत आल्या आहेत.) तर या खेळाला चिन्ह हवं होतं. स्पर्धा न ठेवता मी कला आणि कार्यानुभवाच्या मिळून पाच तासिका घेतल्या.

पहिल्या तासाला कागद-पेन्सिल नव्हतीच. फक्त प्रश्न: पाढा म्हणजे काय? 'पाठ करायचं ते' हे उत्तर आल्यावर थांबले नाही. कशासारखा असतो पाढा? शिडीसारखा, एका मुलानं सांगितलं, सारख्या अंतराच्या पायऱ्या. मालगाडीसारखा, दुसरं उत्तर. उसाच्या पेरांसारखा. मग एक मुलगी म्हणाली, क्रेटसारखा. तिचे वडील चाकणजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. एका क्रेटमध्ये सहा नग. दोन क्रेट म्हणजे बारा, तीन म्हणजे अठरा, ते मोजत नाहीत, नुसते थर बघतात. सहाचा पाढा तिनं घरी असा ऐकला होता. पुस्तकातल्या कुठल्याही चित्रापेक्षा मला हे पाढ्याचं जास्त खरं चित्र वाटलं. वर्गानं हात वर करून क्रेट ठरवले.

इथून पुढे चाळीस वेगळी चित्रं नाहीत, एकच चित्र आणि त्यात बदल. मुलीनं पहिलं काढलं ते दहा क्रेटचं, प्रत्येकात सहा बाटल्या, बाटल्यांना झाकणंसुद्धा. सुंदर होतं. मग त्याची झेरॉक्स काढली, आणि झेरॉक्सची झेरॉक्स. दुसऱ्या खेपेला बाटल्या जाऊन काळा डाग राहिला. नंतर नखाएवढं छोटं करून पाहिलं, कारण मोबाइलच्या पडद्यावर ते तेवढंच दिसणार. काहीच कळेना. मुलं स्वतःच म्हणू लागली, बाटल्या काढा, क्रेट कमी करा.

एका पालकांना त्या आठवड्यात बोलावलं. त्यांचं भोसरीत गाड्यांच्या स्टिकरचं, व्हिनाइल कटिंगचं काम आहे. त्यांनी दहा मिनिटांत जे शिकवलं ते डीएडच्या दोन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मशिनची सुरी बारीक रेघ कापते, पण सोलताना ती तुटते, म्हणून रेघ जाड हवी. टोकदार कोपरा पहिल्या पावसाळ्यात उचकटतो, म्हणून कोपरे गोल. टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करायचं तर प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम, म्हणजे पाच रंग म्हटलं की खर्च वाढला. रंगातून रंगात विरघळत जाणारी छटा कागदावर छान, कापडावर डोकेदुखी. भरतकामाच्या मशिनवर तर टाके मोजून पैसे. एक मूल लगेच म्हणालं, 'म्हणजे कंपन्यांचे लोगो सोपे का असतात ते कळलं.' तो गृहस्थ हसून म्हणाला, 'बाळा, सोपं काढणंच अवघड असतं.'

पालकहो, तुमच्यापैकी कितीजण हे काम करता! डायमेकर आहात, मोल्डिंगवर आहात, लेझर मार्किंग करता. प्लॅस्टिकच्या पार्टवर उठावाचं चिन्ह साच्यात उलटं कोरावं लागतं हे तुम्हाला हातानं माहीत आहे. आरशातल्या अक्षरांचा पाठ घेताना मला तुमच्यासारखा माणूस वर्गात हवा असतो. पालकसभेला तुम्ही मागच्या बाकावर गप्प बसता आणि 'आम्ही काय शिकलेले नाही' म्हणता, ते मला पटत नाही.

शेवटी राहिले तीन क्रेट, पायरीसारखे रचलेले, जाड रेघ, एकच रंग. पायरी करण्याची कल्पना शिडीवाल्या मुलाची. वरच्या क्रेटमध्ये बारीक फट ठेवून त्यातून गुणाकाराची फुली दिसावी, ही सूचना एका अतिशय अबोल मुलाची, जो वर्षभर चित्रकलेच्या स्पर्धेत कधी उतरला नव्हता. स्पर्धा असती तर तो उतरलाच नसता. कारण त्याला चित्र काढता येत नाही, चित्रात काय कमी आहे ते दिसतं. अशा मुलाला आपल्या स्पर्धेत जागाच नाही.

काही सहकारी म्हणतील, स्पर्धेनं पण चांगली चिन्हं मिळाली आहेत की. मिळाली आहेत. रुपयाचं चिन्ह घ्या. २००९ मध्ये खुली स्पर्धा, ३३३१ प्रवेशिका, पाच निवडल्या गेल्या आणि १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळानं आयआयटी मुंबईच्या उदय कुमार यांचं चिन्ह मंजूर केलं. देवनागरी 'र' आणि रोमन आर यांचा मेळ, वर शिरोरेषा. दोन रेघांत देश आला. 'स्वच्छ भारत'चा गांधीजींचा चष्माही २०१४ च्या खुल्या स्पर्धेतूनच आला. हा चष्मा रोज आपल्या हातातल्या नोटेवर असतो. तो कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी काढला आहे हे किती जणांना माहीत आहे? मी शिक्षकांच्या एका बैठकीत विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. बक्षीस मिळालं, नाव उरलं नाही. आणि मोठ्यांच्या स्पर्धेत ज्यांची मेहनत वाया जाते ते निदान व्यावसायिक असतात, स्वतःच्या इच्छेनं उतरलेले. नऊ वर्षांच्या मुलांच्या एकोणचाळीस चित्रांचा गठ्ठा करणं मला बरोबर वाटत नाही.

नावाचा मुद्दा मी इतका का लावून धरते? मुलांना मी जात्यावरच्या ओव्यांचं सांगते. ओवी हे आपलं जुनं मुक्त सॉफ्टवेअरच. एकीनं रचली, दुसरीनं दोन शब्द बदलले, तिसरीनं माहेरचं गाव घातलं. पण शतकानुशतकं त्या बायांची नावं गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांनी ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही नोंदवलं. आज तो ठेवा 'पारी'च्या साइटवर ऐकायला मिळतो, नावासकट, बऱ्याच ठिकाणी फोटोसकट. सगळ्यांचं असणं आणि कुणाचं तरी असणं, दोन्ही एकत्र जमतं, हे त्यावरून दिसतं. लॅरी इविंगची एका ओळीची अट तरी दुसरं काय सांगते?

कायदाही याच बाजूचा आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की हक्क दुसऱ्याला देऊन टाकले तरी 'हे मी केलं आहे' असं म्हणण्याचा निर्मात्याचा अधिकार राहतो. निर्माता नऊ वर्षांचा असला तरी. मागे एका स्पर्धेत आमच्या ओळखीतल्या चौथीच्या मुलीचं चित्र मोठ्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापलं गेलं. तिच्या आईनं नाव का नाही म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, 'नियमात लिहिलंय, सर्व हक्क आयोजकांकडे.' मुलीला प्रमाणपत्र मिळालं होतं, त्यात तिचं आडनाव चुकलं होतं. ती मुलगी पुढच्या वर्षी स्पर्धेला बसली नाही. आईनं आग्रहही केला नाही.

संगणकावर तयार साचे आणि एआय आल्यापासून घरून 'मुलानं केलेली' गुळगुळीत चिन्हं येऊ लागली आहेत. मी ती परत पाठवत नाही. एवढंच विचारते: यातलं काय काढून टाकलंस? का? ज्यानं स्वतः घडवलं आहे त्याच्याकडे या प्रश्नाला दहा उत्तरं असतात. बाकीचे गप्प राहतात आणि पुढच्या वेळी कागदावर काढून आणतात.

आमच्या तीन क्रेटच्या कागदामागे आता सहा नावं आहेत. मूळ कल्पना कोणाची, पायरी कोणी सुचवली, फुली कोणाची, शेवटची रेघ कोणी मारली, झेरॉक्स कोण घेऊन आलं आणि सल्ला देणारे पालक. झेरॉक्सवाल्याचं नाव घालायचं का यावर वर्गात वाद झाला, मुलांनी मतदान करून घातलं. त्या खाली मुलांच्याच शब्दांत परवाना आहे. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून जसाच्या तसा देते, तुमच्या शाळेत बदल करून घ्या: 'हे चित्र कोणीही वापरा. बदललंत तर आम्हाला दाखवा. कोणी विचारलं तर आमची नावं सांगा, सगळ्यांची. पैसे मिळवायला वापरायचं असेल तर आधी बाईंना विचारा.'

शेवटच्या वाक्यावर सहकारी शिक्षकांचा आक्षेप आहे. स्क्रॅचच्या परवान्यात पैशाची अशी अट नसते, म्हणून खेळाबरोबर हे चिन्ह टाकायचं तर ती काढावी लागेल. वर्ग अजून तयार नाही. सोमवारच्या परिपाठानंतर त्यावर पुन्हा बोलणार आहोत.